एका रक्ताच्या चौघींना

नोरा, आयरिस, मायरा आणि हेस्टर यांस,



ही तुमची खरी नावं नाहीत, हे मला ठाऊक आहे. १९५५ साली तुम्हाला बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आणलं गेलं आणि तिथल्या संशोधकांनी संस्थेच्या इंग्रजी नावातली एन, आय, एम, एच ही चार आद्याक्षरं एकेकीला वाटून ही नावं ठरवली. पुढे खरी नावं जगजाहीर झाली, तुमच्यातल्या एकीने स्वतःच चौघींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. तरी मी टोपणनावांनीच लिहिते आहे, कारण मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते या नावांनीच जगभर गेलं. मानसशास्त्राच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांत तुमचा शाळकरी वयातला फोटो असतो: चार सारख्या मुली, सारखे फ्रॉक. खाली दोन ओळी असतात. एकाच गर्भबीजातून झालेल्या चार बहिणी, चौघींनाही स्किझोफ्रेनिया. विद्यार्थी ते वाचतो, ‘आजार आनुवंशिक आहे’ असं समासात लिहितो आणि पान उलटतो.

ते पान इतक्या लवकर उलटलं जातं, म्हणूनच हे पत्र.

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे आणि पुण्यातल्या एका स्वमदत गटात मी अनेक वर्षं जाते. आमच्याकडे रुग्णाला शुभार्थी म्हणतात, त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. गटात औषधांविषयी विचारतात, कामाविषयी विचारतात, पण एक प्रश्न सगळ्यांसमोर कुणी विचारत नाही. सभा संपली, चहाचे कप गोळा व्हायला लागले की एखादी आई बाजूला घेते आणि हळू आवाजात म्हणते, “हे रक्तातून येतं का हो? धाकटीचं लग्न करायचंय.” तिला ‘नाही’ ऐकायचं असतं, आणि बरीच भली माणसं तिला ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्या ‘हो’चा अर्थ काय, हे समजावून सांगायला तुमच्याइतकं दुसरं कुणी मला उपयोगी पडलेलं नाही.

तुमचा जन्म १९३०चा, मिशिगन राज्यातल्या लान्सिंग गावचा. चौघी अपुऱ्या दिवसांच्या, त्यात हेस्टर सर्वांत लहान चणीची. चौळ्या मुली म्हणून वर्तमानपत्रांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं, लहानपणीच तुम्ही रंगमंचावर नाचू-गाऊ लागलात. घराच्या आत मात्र वेगळंच चाललं होतं. वडील दारू पिणारे, संशयी, तापट. मुलींवर रात्रंदिवस पहारा ठेवणारे. आईने मनातल्या मनात चौघींच्या दोन जोड्या केल्या: नोरा आणि मायरा गुणी, आयरिस आणि हेस्टर उण्या. पुढे या दोघींची ‘वाईट सवय’ मोडायची म्हणून त्यांच्या कोवळ्या शरीरांवर शस्त्रक्रिया करवली गेली. हे लिहितानाही माझा हात जड होतो. वडिलांच्या घराण्यात मानसिक आजाराचा इतिहास होताच. पंचविशीच्या आसपास पोहोचेपर्यंत तुम्ही चौघीही आजारी पडला होतात.

आता यात रक्त किती आणि घर किती? तुमच्यावर लिहिलेला जाडजूड ग्रंथ डेव्हिड रोझेन्थाल यांनी १९६३ साली संपादित केला, तो याच प्रश्नाभोवती फिरतो. तुमच्यापुरतं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. जनुकं चौघींची एक, आणि घरही एकच. दोन्ही गोष्टी एकत्र वाढल्या असतील तर त्या सोडवायच्या कशा?

तो काळ आईला आरोपी ठरवण्याचा होता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी आजार निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढची पंचवीसेक वर्षं अमेरिकेतल्या हजारो आयांना मनोविकारतज्ज्ञांसमोर गुन्हेगारासारखं बसावं लागलं. आमच्याकडे त्या सिद्धान्ताचं नाव कुणी ऐकलं नसेल, पण ‘आईने लाडावून ठेवलंय’ आणि ‘आईनेच धाकात ठेवून पोर बिघडवलं’ ही दोन्ही वाक्यं माझ्या आईने ऐकली आहेत, एकाच नातेवाइकाच्या तोंडून. ज्यांनी आनुवंशिकतेचा अभ्यास चिकाटीने पुढे नेला, त्यांच्याविषयी मला म्हणूनच कृतज्ञता वाटते. त्यांनी आयांच्या पाठीवरचं हे ओझं उतरवलं.

ते कसं उतरलं हे तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यात तुमचे रोझेन्थालही होते. १९६६ साली लेनर्ड हेस्टन यांनी ऑरेगनमधल्या ४७ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता, आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत त्यांना आईपासून दूर नेलं होतं. आईचा सहवास नाही, तिचा धाक नाही, लाडही नाहीत. तरी त्यांपैकी पाच जणांना पुढे हाच आजार झाला. आई निरोगी असलेल्या, पण तशाच रीतीने वाढलेल्या ५० जणांत एकालाही नाही. त्याच सुमारास रोझेन्थाल, सीमोर केटी आणि त्यांचे सहकारी डेन्मार्कला गेले, कारण तिथे दत्तकविधानांच्या सरकारी नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. दत्तक गेलेल्या आजारी माणसांचे रक्ताचे नातेवाईक तपासले, तर आजाराचं प्रमाण जास्त. ज्यांनी वाढवलं ते नातेवाईक तपासले, तर तसं नाही. जे तुमच्या एका घरात सुटत नव्हतं, ते तिथे बरंचसं सुटलं. घर बदललं तरी वारसा सोबत जातो.

म्हणजे ‘हो’ हे उत्तर पक्कं आहे. पण याच उत्तराने माणसं मारली गेली आहेत, म्हणून ते उच्चारताना मी जपून उच्चारते.

भावंडांत हा आजार किती आढळतो याचा पहिला पद्धतशीर अभ्यास १९१६ साली म्युनिकच्या अर्न्स्ट रूडिन यांनी प्रसिद्ध केला. हेच रूडिन पुढे नाझी राजवटीत वंशशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते झाले, आणि १९३३च्या सक्तीच्या नसबंदी कायद्यावर अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत होते. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. नंतर १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत मनोरुग्णालयांतून बसगाड्या भरभरून ७० हजारांहून अधिक माणसं विषारी वायूच्या खोल्यांत नेऊन मारण्यात आली. फुलर टोरी आणि रॉबर्ट योल्कन यांनी २०१० साली हिशेब मांडला, तेव्हा जर्मनीत नसबंदी झालेल्या किंवा मारलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची संख्या त्यांना किमान २ लाख २० हजार वाटली. एका पिढीतल्या बहुतेक रुग्णांची अशी नसबंदी झाली होती किंवा ते मारले गेले होते. आणि तरीही युद्धानंतर जर्मनीत या आजाराच्या नव्या रुग्णांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही.

हा हिशेब मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा बराच वेळ पुढे जाता येत नाही. इतका संहार झाला आणि ज्या कारणासाठी केला असं ते म्हणत होते, तेवढंही त्यातून घडलं नाही. का घडलं नाही, याचं उत्तरही आनुवंशिकतेतच आहे. हा वारसा रुग्णांपाशी साठवलेला नसतो, तो निरोगी माणसांत पसरलेला असतो.

डेन्मार्कमधल्या जुळ्यांवरचा एक अभ्यास याबाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्व्हिंग गॉट्समन आणि आक्सेल बेर्टेलसन यांनी तो १९८९ साली प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, दुसऱ्याला झाला नाही, अशा जोड्या त्यांनी घेतल्या आणि दोघांच्याही मुलांची माहिती काढली. आजारी जुळ्याच्या मुलांत जेवढं प्रमाण होतं, जवळजवळ तेवढंच निरोगी जुळ्याच्या मुलांतही होतं. म्हणजे ज्याच्यात आजाराचं एकही लक्षण कधी दिसलं नाही, त्यानेही तोच वारसा पुढे दिला. आमच्याकडे ‘घराणं स्वच्छ आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी हा अभ्यास सांगते. बहुसंख्य शुभार्थींच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतो. माझ्या भावाच्या आधी आमच्याही घरात कुणाला नव्हता.

मग हा वारसा असतो तरी कसा? शास्त्रज्ञ बरीच वर्षं एका जनुकाच्या मागे होते. ते मिळालं नाही. गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ सालीच सुचवलं होतं की असंख्य लहान लहान जनुकीय फरक मिळून धोका वाढत जातो आणि एका पातळीपलीकडे आजार प्रकट होतो. गटात मी हे कोल्हापूरच्या पंचगंगेवरून समजावते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्यांचं पाणी मिळून पंचगंगा होते. राजाराम बंधाऱ्यावर तिने ४३ फूट गाठले की धोक्याची पातळी ओलांडली असं म्हणतात. त्या ४३व्या फुटाचं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या ओढ्याचं, हे कुणी सांगू शकेल का? शिवाय त्याच वेळी राधानगरीचे दरवाजे उघडले होते की नव्हते, यावरही बरंच ठरतं.

२०२२ साली जगभरच्या संशोधकांनी ७६,७५५ रुग्णांची जनुकं इतरांशी ताडून पाहिली, तेव्हा गुणसूत्रांवर २८७ ठिकाणी असे फरक सापडले. एकेकाचा परिणाम अगदी किरकोळ, आणि असे फरक तुमच्यात, माझ्यात, हे वाचणाऱ्या प्रत्येकात थोडेफार असणारच. काही दुर्मीळ फरक मात्र जोरकस असतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा ज्यांच्यात जन्मतः नसतो, त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकाला हा आजार होतो. पण अशी माणसं एकूण रुग्णांत फारच थोडी. २०१६ साली सहाव्या गुणसूत्रावरच्या सी-फोर या जनुकाचा शोध गाजला. हे जनुक रोगप्रतिकारासाठी काम करतं, आणि किशोरवयात मेंदूतले जादा जोड छाटले जातात त्यातही त्याचा हात असतो. ती छाटणी प्रमाणाबाहेर झाली तर? आजार विशीच्या आगेमागेच का उद्भवतो, चांगला शिकणारा मुलगा बारावीनंतरच का बदलतो, या आमच्या जुन्या प्रश्नाचा एक धागा तरी इथे हाती लागतो.

याच्या पुढे कुणी मला ‘लाळेची नळी पाठवा, मुलाचा धोका सांगतो’ म्हणाला तर मी पाठवणार नाही, आणि कुणालाही पाठवू देणार नाही. या सगळ्या फरकांची बेरीज करून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. ज्यांच्या नमुन्यांवरून ती बेरीज ठरवली गेली, ती प्रामुख्याने युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाची माणसं होती. आमच्या मुलांना ती फूटपट्टी लावणं अन्यायाचं होईल.

आणखी एका आकड्याने आमच्याकडे फार घोळ घातला आहे. या आजाराची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के आहे, असं वाचून एका शुभंकर वडिलांनी ठरवून टाकलं होतं की आपल्या नातवाला आजार होण्याची शक्यता १००मध्ये ८० आहे. तसं अजिबात नाही. समाजात माणसामाणसांत धोक्याचा जो फरक असतो, त्या फरकातला किती वाटा जनुकांच्या फरकाने समजतो, एवढंच तो आकडा सांगतो. उंचीची आनुवंशिकताही जवळपास तेवढीच आहे, तरी चांगलं अन्न मिळालेल्या देशांत दोन-तीन पिढ्यांत माणसं चांगलीच उंच झाली की. ज्या डॅनिश अभ्यासातून २०१८ साली ७९ टक्के हा आकडा आला, त्याच अभ्यासात एकबीज जुळ्यांपैकी एक आजारी असेल तर दुसराही आजारी असण्याचं प्रमाण फक्त ३३ टक्के निघालं. जनुकं तीच, आणि तरी तिघांमधले दोघे सुटतात.

आणि इथे मी पुन्हा तुमच्याकडे येते, कारण तुमच्याविषयी पाठ्यपुस्तकं जे सांगत नाहीत ते मला याहून मोठं वाटतं. चौघींची जनुकं एक होती, पण आजार एक नव्हता. हेस्टर, तुमचा सर्वांत खडतर. रुग्णालयांत वर्षानुवर्षं गेली. मायरा, तुम्ही नोकरी केलीत, लग्न केलंत, दोन मुलगे वाढवलेत. नोरा आणि आयरिस, तुमची आयुष्यं या दोघींच्या मधली, आणि तीही एकमेकींसारखी नाहीत. एकाच वारशाचे चार वेगवेगळे संसार! जन्मावेळचं वजन, पहिल्या दिवसांतली शुश्रूषा, आईने कुणाला कुठल्या जोडीत घातलं, कुणाच्या शरीरावर काय लादलं गेलं, कुणाला घराबाहेर पडायची वाट मिळाली, या सगळ्याने तो फरक पडला असणार. तुम्हाला आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून फळ्यावर टांगलं गेलं. मला तुम्ही दुसऱ्या गोष्टीचा पुरावा वाटता: रक्त एक असूनही पुढचं बरंच काही मोकळं राहतं.

फिनलंडच्या पेक्का टिएनारी यांनी हेच मोठ्या संख्येवर दाखवलं. आजारी आयांची मुलं दत्तक गेली, त्यांतली जी शांत, मोकळ्या घरांत वाढली त्यांच्यात आजाराचं प्रमाण बरंच कमी राहिलं. ज्या घरांत सतत ताण आणि टीका होती तिथे ते वाढलं. ज्या मुलांकडे हा वारसाच नव्हता, त्यांना घराच्या बरेवाईटपणाने या आजारापुरता फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ आईवर पुन्हा खटला भरायचा असा नाही. ज्या घरात हा वारसा आहे, त्या घराला जास्त मदत लागते, एवढाच मी घेते. गरोदरपणात पोटभर अन्न, सुरक्षित बाळंतपण, किशोरवयात गांजापासून दूर राहणं, पहिली लक्षणं दिसताच बाहेरची बाधा शोधण्यात दोन वर्षं न घालवता डॉक्टर गाठणं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढे या आजाराचं प्रमाण दुप्पट आढळलं होतं. तो दुष्काळ कुणाच्या रक्तात नव्हता, तो नाकेबंदीने आणला होता.

तुमच्याविषयीची आणखी एक नोंद मी गटात नेहमी सांगते. सहासष्टाव्या वर्षी तुमच्या बुद्धीच्या चाचण्या पुन्हा घेतल्या, तेव्हा ३९ वर्षांपूर्वीपेक्षा तुम्ही खालावलेल्या नव्हतात. हा आजार माणसाला वर्षागणिक पोखरतच नेतो, या समजुतीने आमच्याकडे फार आईबाप आधीच हात टेकतात. त्यांना मी तुमचं वय सांगते आणि तो निकाल सांगते.

आमचा समाज मात्र अजून तुमच्या फोटोखालच्या त्या दोन ओळींवरच अडला आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कलमात या आजाराचं नाव घेऊन उल्लेख आहे, १९७६च्या दुरुस्तीपासून. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केलं की नुसतं आजाराचं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, एकत्र राहणं खरोखर अशक्य व्हावं इतका तो तीव्र असला पाहिजे. पण न्यायालयाचं कोण ऐकतं! स्थळ बघताना आजारी भाऊ ‘बाहेरगावी नोकरीला’ असतो, आजारी मावशी वारलेली असते. औषधाच्या बाटल्या धान्याच्या डब्यात जातात. आणि या लपवाछपवीतच एखाद्या मुलीचं पहिलं लक्षण दाबलं जातं, कारण सांगितलं तर घराण्याचं नाव जाईल. वारशाने झालं नसतं तेवढं नुकसान हे लपवणं करतं. या बाबतीत मला कुणाचीही बाजू समजून घ्यायची इच्छा उरलेली नाही.

माझ्या भावाची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तिने मला सरळ विचारलं, “आत्या, माझं काय, आणि माझ्या मुलांचं काय?” मी तिला गॉट्समन यांचाच २०१० सालचा डॅनिश आकडा दिला. आईवडील दोघांनाही आजार नसेल तर १००तल्या एकाहून कमी मुलांना तो झाला. दोघांपैकी एकाला असेल तर ७ जणांना. दोघांनाही असेल तर २७ जणांना. तिने सात शंभरातून वजा केले आणि ९३ हा आकडा दोनदा मोठ्याने म्हटला. मग म्हणाली, “पण सातही सांगायचेच.” मूल होऊ द्यायचं की नाही हे तिचं ती ठरवेल, त्यात मी बोलणार नाही, तिच्या आईनेही बोलू नये असं मी वहिनीला सांगितलं आहे.

पुढच्या रविवारी तिला बघायला सोलापूरकडची मंडळी येणार आहेत. आधी तीन-चार वेळा असं झालं तेव्हा दादाला आतल्या खोलीत बसवलं जायचं, आणि दार लोटलेलं असायचं. या खेपेला तो बाहेर बसणार आहे, वडील म्हणून, आणि चहा झाल्यावर आजाराचं नाव, औषधाचं नाव आणि ते दोन आकडे भाची स्वतः सांगणार आहे. मी तिला विचारलं, “तुमच्याही घरी कुणी आहे का, असंही विचारशील का त्यांना?” ती म्हणाली, “विचारणार तर.”

तुमची,
एका शुभार्थीची बहीण